चांदीचा डोळा, कारभाऱ्याची जीभ

योब्स्ट केटलहाकला कुणी स्वतःबद्दल बोलायला लावलं, की तो आधी डोक्यावरची हॅट काढून टेबलावर ठेवायचा. "ही हॅट म्हणजे भट्टीचा कारभारी," म्हणायचा. "मी तिला फिरवून आणायच्या कामावर आहे."

हॅट खरोखरच भारदस्त होती. काळी, जाड लोकरीची, रुंद काठाची, हिरव्या फितीची. आधीच्या कारभाऱ्याची ती, आणि त्याचं डोकं मोठं होतं. योब्स्टनं आत चिंध्या कोंबून ती बसवून घेतली होती. वारा आला की चिंधीचं एखादं टोक कानावर लोंबायचं आणि भट्टीवरचे लोक शिस्तीत दुसरीकडे बघायचे.

त्याचे वडील गोस्लारला शाळामास्तर होते आणि रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे. मुलानंही वाजवावा अशी त्यांची इच्छा होती. योब्स्ट वाजवायला बसला की लोकांची प्रार्थना लवकर आटपायची, एवढाच काय तो उपयोग झाला. पण त्याचं अक्षर सुरेख होतं. अक्षराच्या जोरावर तो खाणींच्या कचेरीत नकलनवीस झाला आणि तिथून एर्लेनग्रुंडच्या खोऱ्यात, शिशाच्या भट्टीवर कारकून म्हणून आला. पुढे जुना कारभारी वारला. त्याच्या जागी यायला वरच्या गावांतलं कुणी तयार होईना, कारण हार्त्सच्या डोंगरात एर्लेनग्रुंडचा धूर प्रसिद्ध होता.

"माझी निवड झाली नाही," योब्स्ट सांगायचा. "मी उरलो."

जागेबरोबर घर मिळालं. ओढ्याकाठचं, दगडी जोत्याचं, दोन धुराड्यांचं. त्या घराच्या भरवशावर त्यानं वरच्या गावातल्या गुराख्याची मुलगी इल्साबे हिला मागणी घातली. ती येताना एक गाय घेऊन आली, आणि पिंजऱ्यात लालसर छातीचं एक गाणारं पाखरू. गाय वर्षभरात परत माहेरी गेली. खोऱ्यातल्या गवतावर भट्टीची पांढरट भुकटी बसायची आणि ते खाऊन जनावरं गुडघ्यांवर यायची. पाखरू थंडीतच मेलं.

"माझ्यापेक्षा शहाणं होतं," योब्स्ट म्हणाला. "पहिल्याच हिवाळ्यात राजीनामा दिला."

या विनोदाला इल्साबे कधी हसली नाही. तिनं रिकामा पिंजरा पुसला आणि दाराआडच्या खुंटीला लावून ठेवला.

बाकी संसार बरा चालला होता. योब्स्टला बायकोचा स्वयंपाक आवडायचा. जरा जास्तच आवडायचा.

"आज कोबी काय गोड झालाय!"

"आंबवलेला कोबी आहे तो. पिंपातला."

"तुझ्या हातालाच गोडी आहे."

सुरुवातीला इल्साबे लाजायची. काही वर्षांनी तिला वाटू लागलं, की या माणसाला लहानपणी घरी कुणी धड जेवायला घातलेलं नसणार.

भट्टीचं काम योब्स्टला कळत नव्हतं असं नाही. खाणीतून गाड्या भरून दगड यायचा. तो आधी लाकडांच्या ढिगावर भाजायचा, मग उंच भट्टीत कोळशाबरोबर वितळवायचा, की खाली शिसं वाहून यायचं. त्या शिशाच्या पोटात चांदी असायची, भाकरीच्या पिठात मीठ असतं तेवढी. ती काढायला शेवटची मोठी, बसकी, गोल भट्टी. तिच्या तळाला राख आणि चुनखडीची माती चोपून थाळी करायची, शिसं त्यात ओतायचं, वर लोखंडी झाकण उतरवायचं आणि ओढ्याच्या चाकावर चालणाऱ्या भात्यांनी वारा सोडायचा. वाऱ्यानं शिसं जळून त्याची मुरदाडशिंग होते. ती पिवळी, तेलकट धार पन्हळीतून बाहेर काढत राहायची. आदल्या संध्याकाळी सुरू केलेलं काम दुसऱ्या दुपारपर्यंत चालायचं. शेवटी थाळीत उरलेल्या चांदीवर शिशाची नुसती साय राहते. सायीवर इंद्रधनुष्याचे रंग धावतात, ती फाटते, आणि खालून चांदी एकदम लखकन उजळते.

एर्लेनग्रुंडचे लोक म्हणत, चांदीनं डोळा उघडला.

तो उघडला की कारभाऱ्यानं मोठ्यानं तसं सांगायचं. लगेच भाते बंद, पन्हळीतून चांदीवर कोमट पाणी, आणि सगळ्यांनी टोप्या काढायच्या. आधी सांगितलं तर चांदीत शिसं राहतं, उशीर झाला तर चांदी थुंकू लागते आणि राखेत मुरते. आणि कारभाऱ्याखेरीज दुसऱ्या कुणी सांगायचं नाही. कुणी सांगितलंच तर चांदी लाजते आणि पुढची भट्टी बिघडते, असा त्यांचा पक्का समज. या समजापायी शिंक आली तरी लोक तोंड दाबून धरत.

आता योब्स्टची गोष्ट अशी, की त्यानं तो डोळा कधी बघितलाच नव्हता. झाकणाच्या खिडकीतून आत बघितलं की त्याला सूर्याचा पिवळा बलक दिसायचा. आधीही बलक आणि नंतरही बलक. रंगबिंग काही नाही. पहिल्या दिवशी तो घाबरून इकडेतिकडे बघत होता, तेव्हा त्याला दिसलं की खिडकीच्या पलीकडे उभा असलेला म्हातारा आस्मुस, भट्टीचा मुख्य गाळणारा, हळूच टोपीला हात घालतोय. योब्स्ट ओरडला, "डोळा उघडला!" चांदी उत्तम निघाली.

तेव्हापासून त्यानं भट्टीत बघणं सोडलं. सगळे आगीकडे बघायचे, योब्स्ट टोपीकडे. "देवानं दोन डोळे दिलेत," तो मनाशी म्हणायचा, "आणि वर एक आस्मुस दिलाय."

अशी आणखी बरीच वर्षं सुखात गेली असती. पण दुसऱ्या एका खोऱ्यातल्या भट्टीवरून टाकसाळीत पुन्हापुन्हा कच्ची चांदी गेली, आणि कचेरीनं ठरवलं की प्रत्येक कारभाऱ्याची परीक्षा घ्यायची. तपासनीस समोर उभा राहणार, कारभारी सांगणार, चांदी तिथल्या तिथे तपासली जाणार. कच्ची निघाली तर कारभारी बदलायचा आणि पुढच्या सणाच्या आत घर खाली करायचं.

एर्लेनग्रुंडचा दिवस ठरला, आणि त्याच आठवड्यात आस्मुसला मांजरीनं धरलं.

भट्टीची मांजर, म्हणजे शिशाच्या धुराचं दुखणं, तिथे सगळ्यांच्या ओळखीची. ती आधी पोटात शिरते आणि आतडी ओरबाडते, मग मनगटात जाऊन बसते आणि पंजा खाली लोंबू लागतो. तिच्यावर एकच उपाय म्हणून लोक कामाला लागण्याआधी राईच्या पावावर बोटभर लोणी लावून खायचे. आत लोणी असलं की मांजर घसरते म्हणत. आस्मुसनं जन्मभर लोणी खाल्लं होतं. मांजरीलाही ते आवडत असावं.

परीक्षेच्या सकाळी योब्स्ट त्याच्या घरी गेला. भट्टी कालपासून पेटलेली होती. आस्मुस भिंतीकडे पाय पोटाशी घेऊन पडला होता. उजवा हात पांघरुणावर, ओल्या मोज्यासारखा.

"ग्ल्युक आउफ, आस्मुसबाबा," योब्स्टनं खाणवाल्यांचा रामराम घातला. "कसं आहे?"

"मांजरीला पिल्लं झालीत," आस्मुस म्हणाला. "बसा, कारभारी. लोणी आणलंत?"

"आणलंय. पण एक विचारायचंय. लाजू नका."

"मी कशाला लाजू? लाल तुम्ही झालायत."

योब्स्टनं हॅट काढून मांडीवर घेतली. बाहेर चाकाचा आवाज चालला होता. "चांदी डोळा उघडते ते तुम्हाला कशावरून कळतं?"

आस्मुसनं मान वळवून त्याच्याकडे नीट बघितलं. "माझी थट्टा करताय?"

"देवाशपथ नाही."

"अहो, माझे डोळे केव्हाचे गेलेत. आगीत बघूनबघून. मला आत नुसतं पांढरं दिसतं. चुन्याची भिंत."

"मग टोपी? टोपी कशी काढता वेळेवर?"

"तुमच्याकडे बघून!"

योब्स्टनं मांडीवरची हॅट घट्ट धरली.

"तुम्ही ओठ चाटता," आस्मुस म्हणाला. "वेळ आली की तुमची जीभ बाहेर येते आणि एकदा इकडून तिकडे फिरते. दुधापाशी बसलेल्या मांजरीसारखी. ती आत गेली की मी टोपीला हात घालतो. मी घरी सांगायचो, आपला कारभारी काय जातीचा आहे! याला चांदी दिसत नाही, चाखता येते."

"आणि मी तुमची टोपी बघून ओरडायचो."

दोघे एकमेकांकडे बघत राहिले. मग आस्मुसला हसू आलं. पोटात कळ येत होती तरी तो हसत होता आणि हसताना "आई गं, आई गं" म्हणत होता.

"म्हणजे एवढी वर्षं," त्यानं डाव्या हातानं डोळे पुसले, "राजेसाहेबांची चांदी दोन आंधळ्यांनी गाळली."

"एक आंधळा आणि एक गाढव," योब्स्ट म्हणाला. "आकडा बरोबर पाहिजे."

तो भट्टीवर परतला तेव्हा तपासनीस झेबाल्ड आलेले होते. नीटनेटके, पांढऱ्या केसांच्या टोपाचे, हातात नाकाला लावायचा रुमाल. माणूस वाईट नव्हता. त्यानं इल्साबेच्या पावाची तारीफ केली, घराच्या धुराड्यांची चौकशी केली. धुराड्यांची चौकशी योब्स्टला आवडली नाही.

"तुमच्या नजरेबद्दल फार ऐकलंय, केटलहाक."

"मीही आजच ऐकलं, साहेब."

झेबाल्डना हा विनय वाटला.

आस्मुसच्या जागी भात्यावरचा टोनिएस उभा होता. टोनिएस रुंद खांद्यांचा, आणि तोंडाला दार नसलेला माणूस. योब्स्ट खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. सवयीनं त्याची नजर समोरच्या टोपीकडे गेली. टोनिएसची टोपी डोक्यावर घट्ट होती आणि टोनिएस त्याच्याकडेच बघत होता. सगळेच त्याच्याकडे बघत होते. भट्टीकडे बघणारं एकही माणूस तिथे नव्हतं.

आता आपल्याला जीभ आहे हे योब्स्टला पहिल्यांदाच कळलं होतं. आणि एकदा कळल्यावर ती तोंडात मावेना. तिला कुठे ठेवावं? दातांमागे ठेवली तर टोचायची, टाळूला लावली तर कोरडी पडायची. आत्ता ओठ चाटले ते वेळ झाली म्हणून, की आस्मुसनं सांगितलं म्हणून? त्यानं पुन्हा एकदा चाटून बघितले.

"कारभारी," टोनिएस हळूच म्हणाला, "भूक लागलीय का? पाव आहे माझ्याकडे."

"गप बस."

"नाही, मघापासून नुसत्या मिटक्या मारताय."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. योब्स्टनं तोंड घट्ट मिटलं. खिडकीतून आत बघितलं. बलक. त्याला घर आठवलं, ओढ्याकाठचं. सामान गाडीवर चढवताना इल्साबे काय म्हणेल ते मनात आलं. बहुतेक काहीच म्हणणार नाही, पिंजरा शालीखाली घेऊन पुढे बसेल, हे जास्त वाईट. मग त्याला वडील आठवले आणि ऑर्गन आठवला. लोक उठून निघालेत आणि आपल्याला अजून सूर सापडत नाहीये.

धूर खिडकीच्या कडेनं बाहेर येत होता आणि नेहमीसारखा त्याच्या तोंडावरून वर जात होता. तोंडात ती नेहमीची चव होती. तिला नाव द्यावं असं त्याला कधी वाटलं नव्हतं, जसं पाण्याला कुणी नाव देत नाही. भट्टीपाशी ती वाढायची, घरी गेल्यावरही उरायची, सकाळी उठल्यावर असायची. मधाच्या रिकाम्या भांड्यात पाणी घालून प्यावं तशी. मंद, जड, गोड.

ती एकदम हलकी झाली.

गेली नाही. कुणीतरी वरचा थर पुसून घ्यावा तशी पातळ झाली, आणि ती कुठे गेली हे बघायला त्याची जीभ आपण होऊन बाहेर आली आणि ओठांवरून फिरली.

"डोळा उघडला!" योब्स्ट ओरडला. त्याचे स्वतःचे दोन्ही डोळे तेव्हा मिटलेले होते.

भाते थांबले. पाणी सुटलं आणि वाफेचा ढग उठला. त्यात टोप्या निघाल्या, टोनिएसचीही. "आयला, दिसली!" तो म्हणाला. "खरंच लखकन झाली की!" त्यानं ती बघितली होती. बघायची नजर त्याला होती. योब्स्टनं हॅट काढली तेव्हा आतली चिंधी कपाळाला चिकटून राहिली.

झेबाल्डनी चांदीचा तुकडा कापून घेतला, आपल्या छोट्या भट्टीत घातला, तोलला, पुन्हा तोलला. ते बाहेर आले तेव्हा त्यांनी योब्स्टचा हात दोन्ही हातांत धरला. "अशी नजर मी डोंगरात दुसरी बघितली नाही. तुम्ही जिवंत आहात तोवर इथे दुसरा कारभारी येणार नाही. तसं मी कचेरीत सांगतो."

"साहेब, ते फार दिवस नसेल," योब्स्ट विनोदानं म्हणाला. म्हटल्यावर त्याला वाटलं, यात विनोद कुठे होता?

घरी इल्साबे पाव कापत होती. तिनं त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. ताटात कोबी वाढला.

"राहिलं घर," तो म्हणाला.

"देवाची कृपा."

"देवाची थोडी. बाकी जिभेची." मग त्यानं तिला सगळं सांगितलं. टोपी, आस्मुस, मिटक्या, टोनिएसचा पाव. तो छान नकला करायचा, आणि स्वतःची सगळ्यात छान. इल्साबे हसून हसून टेबलाला टेकली. "आणि मग तोंडातली गोडी एकदम कमी झाली," तो म्हणाला, "आणि मी ओरडलो. एवढंच."

इल्साबेची सुरी पावात थांबली. "कसली गोडी?"

"ती गं. नेहमीची."

"नेहमीची म्हणजे? कधीपासून?"

योब्स्टनं आठवून बघितलं. पाखरू मेलं तो हिवाळा. नाही, त्याच्याही आधी. "लग्न झाल्यापासून असेल. मला वाटायचं, तुझ्या हातची आहे."

इल्साबे उठली. आस्मुसचा हात तिनं बघितला होता, खोऱ्यातली जनावरं गुडघ्यांवर येताना बघितली होती. तीच भुकटी आता नवऱ्याच्या जिभेवर बसली होती. तिनं दाराआडचा पिंजरा खुंटीवरून काढला आणि टेबलावर, दोघांच्या मध्ये, ठेवला.

"ज्या घरासाठी आज एवढी तारांबळ केलीत ना, कारभारी," ती म्हणाली, "ते मला नको."

योब्स्टनं राजीनामा सुरेख अक्षरात लिहिला. झेबाल्डना तो पुन्हा विनय वाटला आणि त्यांनी तो परत पाठवला. योब्स्टनं आणखी सुरेख अक्षरात पुन्हा लिहिला. कचेरीला राग आला. एवढ्या नजरेच्या माणसानं असं करावं! शेवटी त्यांनी त्याला वरच्या गावात लाकडाच्या वखारीवर कारकून म्हणून टाकलं. अर्ध्या मानाचं काम, गळकं घर, तेही एकाच धुराड्याचं. योब्स्टला पाइन कोणता आणि ओक कोणता हे ओळखता येत नसे. "इथेही मी योग्य माणूस आहे," तो म्हणायचा. भट्टी टोनिएसकडे गेली. त्यानं निदान आत बघायचा नियम केला. हॅट त्याला चिंध्यांशिवाय बसली.

आस्मुसबाबाला वर यायचं नव्हतं. "माझी मांजर घर बदलणार नाही," म्हणायचा. पण थंडी सरली तसं त्याचं पोट निवळलं. हात मात्र तसाच राहिला. टोनिएस रविवारी त्याला गाडीत घालून वर आणून सोडायचा. इल्साबेनं नवं पाखरू घेतलं होतं. ते खिडकीत गायचं आणि म्हातारा डोळे मिटून ऐकत बसायचा. गाणं ऐन रंगात आलं की डाव्या हातानं टोपी काढायचा. योब्स्ट मग सवयीनं ओरडायला तोंड उघडायचा आणि मिटायचा.

अशाच एका रविवारी तिघे जेवायला बसले. दाराबाहेर गाईची घंटा वाजत होती. योब्स्टनं कोबीचा घास घेतला आणि थांबला. त्याचं तोंड वेडंवाकडं झालं. एक डोळा मिटला.

"काय हो?" इल्साबेनं विचारलं.

"काही नाही." त्यानं घास कसाबसा गिळला. "हा... हा आंबट आहे."

आस्मुसनं चमचा खाली ठेवला. इल्साबे एकदम उठली आणि चुलीकडे तोंड करून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते.

"अगं, वाईट नाही म्हटलं मी," योब्स्ट घाईघाईनं म्हणाला. "खाईन की. पण एवढा आंबट? रोज असाच करतेस?"

"रोज," ती पाठमोरीच म्हणाली. "लग्न झाल्यापासून."

त्यानं ताटाकडे बघितलं. मग पाव मोडला, आणि तोंड वाकडं करत, एकेक घास, सगळा कोबी संपवला.